मोडल्याचा आवाज न करणारं ड्रिल

दहा मिलिमीटरचं ड्रिल मोडलं की अख्ख्या मशिन शॉपला कळतं. खाडकन आवाज होतो, ड्रिल फिरवणारं स्पिंडल कण्हतं, ऑपरेटर धावत येऊन लाल बटण दाबतो आणि त्याच्या मागोमाग सुपरवायझर हजर. ०.४ मिलिमीटरचं ड्रिल मोडतं तेव्हा काहीच होत नाही. पुढचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, येतो, ड्रिलचं उरलेलं थोटूक पुढे जातं, हवेत फिरतं, मागे येतं. टूल थंड ठेवणारा कूलंट वाहतोय, काउंटरवरचा आकडा वाढतोय, दिवा हिरवा आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे मी अंगावर घेऊन शिकलो. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये बसणारे पितळी जेट आम्ही करायचो. करंगळीच्या नखाएवढा स्क्रू आणि त्याला मधोमध आरपार ०.४ मिलिमीटरचं भोक. रात्रपाळीला मशिन माझ्या भरवशावर होतं. सकाळी धुण्याच्या टेबलावर बसणाऱ्या मावशींनी सवयीनं एक जेट उचलून ट्यूबलाइटसमोर धरला, मग दुसरा, मग मूठभर जेट एकेक करून बघितले. म्हणाल्या, "दादा, ह्यातनं उजेडच येत नाय." सहाशे चाळीस जेट निघाले, एकालाही भोक नाही. ड्रिल रात्री कधीतरी मोडलं होतं आणि मी मशिनशेजारी स्टुलावर बसून चहा पीत होतो.

साहेब जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझी खरी चूक त्यांनाही नीट सांगता आली नसती. मोठ्या लेथवर शिकलेला माणूस कानानं काम करतो. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, कापून निघणाऱ्या चिपचा रंग बदलतो, हँडलवर ठेवलेल्या हाताला थरथर जाणवते. बारीक कामात कान, डोळा आणि हात तिघंही कामावर येत नाहीत. त्यात भर म्हणजे धातूसुद्धा ओळख विसरल्यासारखा वागतो. मोठं काम झेरॉक्सवर लहान करून काढलं की बारीक काम होतं, ही समजूत त्या सकाळी गेली. मोठ्या कामात ज्या गोष्टींकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्याच इथे मालक होऊन बसतात.

आधी माप बघू. आपले गवंडी आणि सुतार 'सूतभर' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एका सुतात ३,१७५ मायक्रॉन बसतात. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. मायक्रो मशिनिंग म्हणतात ते काम या हद्दीतलं: भोक, खाच किंवा भिंत एक मिलिमीटरच्या बरीच आत, कित्येकदा केसाच्या जाडीची, आणि चुकायला मुभा दोन-चार मायक्रॉनांची. जॉब लहानच हवा असं नाही. मुठीएवढ्या ठोकळ्यात केसाएवढं भोक पाडायचं असेल तरी पंचाईत तीच.

पहिली अडचण अगदी शाळेतल्या गणिताची. ड्रिलची धार धातूवरून किती वेगानं सरकते यावर कापणं अवलंबून असतं. समजा तो वेग मिनिटाला ३० मीटर हवा आहे. दहा मिलिमीटरच्या ड्रिलचा घेर ३१.४ मिलिमीटर, म्हणून मिनिटाला सुमारे ९५५ फेरे पुरतात. आता ड्रिल ०.१ मिलिमीटरचं घ्या. तोच वेग मिळवायला फेरे लागतात ९५,५००. नेहमीचं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं कॉम्प्युटरवर चालणारं मशिन, आठ-दहा हजार फेऱ्यांपर्यंत जातं. म्हणून बारीक कामाची स्पिंडलं वेगळी असतात, काहींच्या बेअरिंगमध्ये तर गोळ्याही नसतात, दाबाखालच्या हवेच्या थरावर ती तरंगत फिरतात. मोबाइलच्या सर्किट बोर्डला भोकं पाडणारी मशिनं लाखावर फेऱ्यांनी चालतात ती याच कारणानं. अशी मशिनं परवडत नाहीत, तेव्हा लहान शॉपमध्ये आहे त्या फेऱ्यांवर भागवतात आणि मग ड्रिलला मुंगीच्या पावलानं आत सोडावं लागतं.

आणि मुंगीच्या पावलात दुसरी अडचण दबा धरून असते.

कार्बाइड या स्टीलहून कठीण पदार्थाच्या नव्याकोऱ्या टूलची धार सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर ती टोकदार नसते, गोल असते. त्या गोलाईची त्रिज्या साधारण एक ते पाच मायक्रॉन. मोठ्या लेथवर एका फेऱ्यात मिलिमीटरचा दहावा भाग कापताना या गोलाईचा पत्ताही लागत नाही. पण बारीक कामात एकेका दाताच्या वाट्याला येणारा धातूच एक-दोन मायक्रॉन जाड असतो. म्हणजे कापायचा थर धारेच्या गोलाईपेक्षा पातळ! बोथट सुरीनं पिकला टोमॅटो चिरताना काय होतं? साल आधी दबते, टोमॅटो पसरतो, मग कधीतरी सुरी अचानक आत घुसते. धातूचंही तसंच. पहिला दात नुसताच दाबून निघून जातो, धातू मागून पुन्हा उसळून वर येतो, पुढच्या दाताच्या वाट्याला दुप्पट थर येतो आणि तो जोरात चावा घेतो. घासणं, घासणं, चावा. या धक्क्यांत टूल मोडतं, आणि न मोडलं तरी जॉबवर रांगोळीच्या रेघा उमटतात.

याचा परिणाम उलटा आहे आणि नवख्यांना तो पटवणं अवघड जातं. नाजूक जॉब बघितला की कुणीही म्हणेल, हळू घे, थोडंथोडं घे. इथे थोडंथोडं घेणं हाच घात. धार धातूत शिरेल एवढा तरी घास द्यावाच लागतो, नाहीतर टूल कापतच नाही, नुसतं घासून घासून गरम होतं. त्याच वेळी घास जरा मोठा झाला तर टूल जातं. या दोन काठांमधली वाट अरुंद असते, आणि ती प्रत्येक धातूला वेगळी.

धातूबद्दल आणखी एक. स्टील आपल्याला एकजीव वाटतं, पण आतून ते कणाकणांचं बनलेलं असतं आणि हे कण दहा-वीस मायक्रॉनांचे, कधी त्याहून मोठे असतात. शेंगदाण्याची चिक्की आठवा. सुरीनं तिचे दोन बोटं रुंद तुकडे पाडताना आत दाणा कुठे आहे याचा विचार कुणी करत नाही. पण तीच चिक्की कागदासारखी पातळ तासायला घेतली तर सुरी कधी गुळातून सरकेल, कधी नेमकी दाण्यावर अडेल. केसाएवढं टूल स्टीलमधून जाताना असंच चालतं. एक कण मऊ, शेजारचा वेगळ्या दिशेनं रचलेला आणि हट्टी. म्हणून बारीक जॉबसाठी माल घेताना ग्रेडचा नंबर बघून भागत नाही, आतला कण किती बारीक आणि किती सारखा आहे हेही विचारावं लागतं. आमच्या परचेसवाल्यांना हे पटायला दोन वर्षं लागली, कारण तशा मालाचा भाव ऐकून त्यांना घाम फुटायचा.

आता टूलच्या अंगातली ताकद. एका टोकाला धरलेल्या काठीवर दुसऱ्या टोकाशी जोर दिला की ती किती वाकेल याचं गणित निर्दय आहे. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. जाडी निम्मी केली की सोळापट. म्हणून एक मिलिमीटरच्या कटरला जो झटका लागतही नाही तो पाव मिलिमीटरच्या कटरला जीवघेणा असतो. तरी ड्रॉइंग काढणारी मंडळी कॉम्प्युटरवर ०.३ मिलिमीटरची खाच बिनदिक्कत सहा मिलिमीटर खोल ओढतात. पडद्यावर रेघ ओढायला काय जातं! मी अशा ड्रॉइंगवर लाल पेननं एवढंच लिहून परत पाठवतो: "खोली कमी चालेल का?" दहापैकी सात वेळा उत्तर येतं, हो चालेल.

टूल धरणारा कोलेट किंचित तिरका असेल तर टूलचं टोक फिरताना डगमगतं. याला रनआउट म्हणतात. पाच मायक्रॉन रनआउट म्हणजे मोठ्या कामात उत्तम सेटिंग. पण दोन दातांच्या बारीक कटरवर दर दाताला एक मायक्रॉनचा घास असेल, तर पाच मायक्रॉनांच्या डगमगीत एक दात सगळं काम करतो आणि दुसरा हवा खातो. राबणारा दात आधी झिजतो. मग दोघंही जातात. घरच्या कुठल्याही कामाला हे लागू आहे म्हणा.

वाकण्यावरचा एक जुना आणि देखणा उपाय घड्याळवाल्यांचा. स्वित्झर्लंडमधल्या ज्यूरा डोंगररांगांत एकोणिसाव्या शतकात घड्याळांचे सुटे भाग होत होते. खिशातल्या घड्याळाचा स्क्रू किंवा चाकाचा आस मिलिमीटरभर जाड आणि त्याच्या कितीतरी पट लांब. साध्या लेथवर अशी काडी एका बाजूनं धरून दुसऱ्या टोकाला टूल लावलं की ती वाकून बाजूला होणारच. १८७० च्या दशकात तिथे वेगळ्या धाटणीचा लेथ पुढे आला. त्यात टूल जागच्या जागी राहतं आणि काडीच पुढे सरकते, एका घट्ट बुशमधून, म्हणजे भोक असलेल्या कडीतून. टूल त्या बुशच्या अगदी तोंडाशी कापतं. म्हणजे काडीचा जेवढा भाग बाहेर डोकावतो तेवढ्यावरच काम होतं, आणि तेवढ्याशा भागाला वाकायला जागाच नसते. विळीवर शेवग्याची शेंग चिरताना आपण ती पात्याच्या जवळ धरतो, टोकाला धरत नाही, तीच युक्ती. ज्यूरामधलं मूतिए हे गाव या यंत्रांमुळे नावारूपाला आलं. आज भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये 'स्लायडिंग हेड' म्हणतात ते याच लेथचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, रूप. हाडं जोडायचे स्क्रू, दातांत बसवायचे इम्प्लांट, कनेक्टरच्या पिना, सगळं त्यावरच निघतं.

जॉब मशिनवरून निघाला की संपला असं वाटतं, आणि इथेच बर आडवी येते. बर म्हणजे कापल्यावर काठाला राहणारं धातूचं मिशीसारखं टोक. मोठ्या जॉबची बर फायलीनं काढतात, नाहीतर स्क्रेपरनं. ०.४ मिलिमीटरच्या भोकाच्या आतल्या काठाला राहिलेली वीस मायक्रॉनांची बर कशानं काढणार? फाईल जॉबपेक्षा मोठी. हातानं काढायला गेलं तर काठच गोल होतो. खरं सांगायचं तर कापण्यापेक्षा बर काढण्यातच जास्त पैसा आणि जास्त शिव्या खर्च होतात. कुणी जॉब रसायनात बुडवून विजेच्या साहाय्यानं उंचवटे विरघळवतं, कुणी दाबानं घासकण मिसळलेली पेस्ट भोकातून पंप करतं. सगळ्यात शहाणा तो, जो बर मुळात कुठल्या बाजूला पडेल हे आधीच ठरवून कापतो.

आता असा धातू कापायचा आहे की ज्याच्यासमोर टूलच टिकत नाही, किंवा टूलचा दाबच जॉब सोसत नाही. मग टूल न टेकवता, विजेच्या ठिणग्यांनी कापायचं. हे ऐकायला चमत्कारासारखं वाटतं, पण पुण्या-नाशकातल्या कुठल्याही टूलरूममध्ये ते रोज चालतं. त्याला शॉपमध्ये 'स्पार्क' किंवा 'वायरकट' म्हणतात.

त्याची सुरुवात एका वैतागातून झाली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या स्विचांचे टंगस्टनचे संपर्कबिंदू ठिणग्यांमुळे का खाल्ले जातात आणि ते कसं थांबवावं हे शोधत होतं. थांबवता काही येईना. पण संपर्कबिंदू तेलात बुडवले की ठिणग्या जास्त नेमानं पडतात आणि धातू जास्त सारखा खाल्ला जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. जो त्रास थांबवायचा होता तोच मुद्दाम घडवून आणला तर कठीणातला कठीण धातू हवा तसा कोरता येईल, हे त्यांनी ओळखलं. १९४३ मध्ये त्यातून पहिलं उपयोगी तंत्र आकाराला आलं.

आजचं वायरकट जवळून बघा. ०.२५ मिलिमीटरची पितळी तार एका रिळावरून सुटते, जॉबमधून जाते आणि खाली दुसरीकडे गोळा होते. सगळं पाण्यात, पण नळाच्या नव्हे, क्षार काढलेल्या पाण्यात. तार आणि जॉब यांच्यात काही मायक्रॉनांची फट कायम राखलेली असते. त्या फटीतून सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीच्या जागी क्षणभर आठ-दहा हजार अंश सेल्सिअस तापमान होतं, धातूचा एक कण वितळून वाफ होतो आणि पाणी त्याला वाहून नेतं. तार जॉबला शिवतही नाही, म्हणून दाब शून्य. हार्ड केलेलं स्टील असो की कार्बाइड, वीज वाहणारं असलं की पुरे. तार मात्र एकदाच वापरायची, खाल्ली गेलेली तार पुन्हा चालत नाही, ती किलोनं भंगारात जाते. अतिबारीक कामाला ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरची टंगस्टनची तार लावतात. केसाहून बारीक अशी तार मशिनला ओवायची म्हणजे दम रोखून. आमच्याकडे तार ओवताना पंखा बंद करायचा नियम होता, आणि मे महिन्यात हा नियम पाळणारे लोक मला संत वाटायचे.

फुकट काही नसतं. ठिणगीनं वितळलेला थोडा धातू पृष्ठभागावरच पुन्हा गोठतो आणि कडक, ठिसूळ, भेगाळलेला पापुद्रा तयार होतो. काही मायक्रॉनांचाच, पण विमानाच्या किंवा शरीरात बसणाऱ्या भागावर तो चालत नाही. म्हणून शेवटी कमी ताकदीच्या ठिणग्यांनी एक-दोन हलके हात फिरवून तो पापुद्रा उतरवावा लागतो.

हे सगळं एकाच वस्तूत बघायचं असेल तर डिझेल गाडीचा, इंजिनात डिझेल फवारणारा नोझल हातात घ्या. महाराष्ट्राला या वस्तूची चांगली ओळख आहे. नाशकात बॉशच्या कारखान्यात, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'मायको', हे नोझल आणि इंजेक्टर होतात. आणि कुठल्याही महामार्गावर 'डिझेल पंप व नोझल टेस्टिंग' अशी पाटी असलेलं एखादं तरी दुकान लागतंच.

बोटाच्या पेराएवढा हा नोझल. त्याच्या टोकाला गोलाकार पाच-सात-आठ भोकं, प्रत्येक साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचं. त्यातून डिझेल सुटतं दोन हजार बारच्या आसपास दाबानं. कारच्या टायरमधल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्याच्या हजारपट. भोक जितकं बारीक आणि दाब जितका जास्त, तितका डिझेलचा फवारा धुक्यासारखा आणि तितकं ते पूर्ण जळतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तसतशी या भोकांची अचूकता हाच इंजिनाचा कळीचा मुद्दा झाला. आठातलं एक भोक जरा मोठं निघालं तर सिलिंडरच्या त्या बाजूला डिझेल जास्त जाणार आणि तिथे धूर होणार.

ही भोकं ड्रिलनं पाडत नाहीत, ठिणगीनं पाडतात. मग घासकण मिसळलेला द्रव दाबानं आतून बाहेर सोडतात. त्यानं भोकाचा आतला काठ हवा तितका गोल होतो आणि बरही जाते. द्रवाचा प्रवाह मोजत राहतात, ठरलेल्या आकड्याला पोचला की थांबतात. भोकाचा व्यास मोजत बसण्यापेक्षा त्यातून किती वाहतं हे मोजणं जास्त कामाचं, कारण इंजिनाला शेवटी तेवढंच कळतं.

नोझलच्या आत एक सुई वरखाली होते. सुई आणि तिच्या भोवतीचं भोक यांच्यात फट अवघी दोन-तीन मायक्रॉनांची. याहून जास्त असेल तर डिझेल गळणार, कमी असेल तर सुई अडकणार. हजारो सुया आणि हजारो भोकं इतक्या नेमक्या मापाची काढणं फार महाग पडतं. म्हणून आधी भोक मोजतात आणि त्याला जुळेल अशी सुई घासून जोडीला देतात. एकदा जोडी जमली की ती कायमची. हायवेवरचा मिस्त्री दोन नोझल एकदम उघडले तर सुया शेजारीशेजारी ठेवत नाही, प्रत्येक सुई आपापल्या नोझलपाशी, ती याचसाठी. आणि डिझेलमध्ये पाणी किंवा माती आली की सगळ्यात आधी नोझल का जातो, हेही आता लक्षात येईल. दोन मायक्रॉनांच्या फटीत पाच मायक्रॉनांचा धुळीचा कण म्हणजे दाराच्या फटीत अडकलेला बैल.

लेझरबद्दल थोडक्यात. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा स्टेंट म्हणजे दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या नळीतून कोरलेली जाळी. आजकालच्या चांगल्या स्टेंटच्या जाळीची काडी ६० ते ८० मायक्रॉन जाड असते, म्हणजे केसाएवढीच. सुरत-वापीच्या पट्ट्यात स्टेंट करणारे मोठे कारखाने आहेत. साध्या लेझरनं कापलं की काठाला वितळलेल्या धातूची साय राहते, ती आम्लात धुऊन आणि पॉलिश करून काढावी लागते. यावर उतारा म्हणजे फेम्टोसेकंद लेझर. त्याचा झोत सेकंदाच्या एकावर पंधरा शून्यं एवढ्या भागाच्या हिशेबात मोजतात. इतक्या कमी वेळात धातूचा तो भाग उडून जातो आणि उष्णता शेजाऱ्याकडे पसरायला वेळच मिळत नाही. असे तोकडे आणि जोरकस झोत तयार करण्याची रीत डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये दाखवली आणि २०१८ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

स्टेंट आणि नोझल भारदस्त वस्तू झाल्या. पण अचूकतेचा सगळ्यात स्वस्त नमुना तुमच्या खिशात असतो, बॉलपेन. टोकाची गोळी साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची, टंगस्टन कार्बाइडची. तिची वाटी मऊ धातूच्या तारेतून कोरलेली, वाटीच्या तळाशी शाई यायला नाजूक खाचा, आणि काठ आत वळवून गोळीला असं पकडलेलं की ती फिरावी, पण निसटू नये. फट मायक्रॉनांत. जास्त झाली की खिसा निळा, कमी झाली की पेन घासूनही उमटत नाही. चीन वर्षाला अब्जावधी पेनं करत होता, पण या टोकांसाठी लागणारं खास स्टील आणि ती कोरणारी मशिनं बाहेरून आणत होता. खुद्द तेव्हाचे पंतप्रधान ली कछियांग यांनी यावर जाहीर खंत व्यक्त केली, तेव्हा कुठे तायुआनच्या सरकारी पोलाद कंपनीनं २०१७ च्या सुरुवातीला २.३ मिलिमीटरची ती तार काढून दाखवली. रॉकेट सोडणाऱ्या देशाला पेनचं टोक जमेना म्हणून लोक तेव्हा हसले होते. या धंद्यातलं कुणी हसलं नसेल.

मोजणीचं दुखणं वेगळंच. जॉब केला, पण तो बरोबर आहे हे कसं कळणार? मायक्रोमीटरच्या जबड्याचा दाब अर्धा ते एक किलो वजनाएवढा असतो. ०.१ मिलिमीटरची पिन त्यात धरली तर आपण पिन मोजत नाही, पिचलेली पिन मोजतो. म्हणून शिवायचं नाही, बघायचं. प्रोफाइल प्रोजेक्टरवर जॉबची सावली पन्नास-शंभर पट मोठी करून पडद्यावर पाडतात, किंवा कॅमेऱ्याचं व्हिजन मशिन काठ शोधतं. भोकांसाठी शतांश मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढत जाणाऱ्या गेज पिना असतात. एक जाते, पुढची जात नाही, म्हणजे भोक त्या दोहोंच्या मधलं.

आणि तापमान. जगभर मापं २० अंशांना धरतात. दहा सेंटिमीटर लांबीचं स्टील एका अंशाला एक मायक्रॉनहून जरा जास्त वाढतं. पाच मिलिमीटरचा जॉब मे महिन्याच्या दुपारीही फारसा वाढत नाही, मग काळजी कसली? काळजी मशिनची. जॉब बारीक असला तरी मशिन कपाटाएवढंच असतं. स्पिंडल आणि त्याच्या आधाराची तीसेक सेंटिमीटरची लांबी दहा अंशांनी तापली की तीस-पस्तीस मायक्रॉनांनी सरकली. सकाळी सेट केलेलं भोक जेवणाच्या सुट्टीनंतर जागेवर नसतं. म्हणून ही मशिनं काम सुरू करण्याआधी तासभर नुसतीच फिरवतात, आणि एसी माणसांसाठी नाही हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात.

एक गंमत राहिली, ती पकडण्याची. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलच्या घनाचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याच्या विसाव्या हिश्शाएवढं. एवढ्याशा वस्तूवर गुरुत्वाकर्षणाचं फारसं चालत नाही, चालतं ते कूलंटच्या चिकट थेंबाचं. चिमट्यानं उचललं तर सुटत नाही, सोडायला गेलं तर बोटाला चिकटतं, आणि टेबलावरून उडालं तर त्या शिफ्टला सापडत नाही. धुताना चहाच्या गाळणीतून आरपार जातं. आमच्या मावशी अशा जॉबसाठी जुन्या मलमलचा तुकडा वापरायच्या. वस्त्रगाळ पूड माहीत होती, वस्त्रगाळ स्टील तिथे बघितलं.

त्या जेटच्या मशिनवर पुढे मालकांनी एक साधं यंत्र बसवून घेतलं. दर जॉबनंतर पियानोच्या तारेसारखी एक बारीक काडी फिरून येते आणि ड्रिलच्या टोकाला हलकेच शिवते. टोक लागलं तर पुढे चल, नाही लागलं तर थांब. तपासणीला एअर गेज आलं, जेटमधून ठरलेल्या दाबानं हवा सोडायची आणि किती जाते ते बघायचं. स्कूटर बंद पडल्यावर मिस्त्री जेट काढून तोंडानं फुंकून बघतो, तेच, फक्त आकड्यानिशी. जेटमध्ये स्टीलची तार घालून साफ करणारे मिस्त्रीही असतात, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू, पितळ मऊ असतं आणि भोक कायमचं मोठं होतं.

एअर गेज आल्यावरही मावशी ट्रेमधून एखादा जेट उचलून ट्यूबलाइटसमोर धरायच्याच. कुणी त्यांना नको म्हटलं नाही. त्या सहाशे चाळिसांतला पहिला जेट, ज्याच्यात ड्रिलचं मोडकं टोक अडकलं होतं, मी सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढला. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या फिल्मच्या डबीत.